एका दाण्याची तूट

पुणे, ६ डिसेंबर २०२५

चि. शिवांजली हिस अनेक आशीर्वाद.

एक कोडे तुझ्याही लक्षात आले असेल. कोणत्याही गावात पारावरच्या पुरुषांना एकेकटे गाठून विचारावे, लग्नाबाहेर किती जणींशी संबंध आला, तर कुणी तीन सांगतो, कुणी पाच. त्याच गावातल्या बायकांना विचारावे, तर त्या पदर सावरून सांगतात, छे, एकही नाही. मग हे सगळे पुरुष गेले तरी कोणाकडे?

तुझ्या संस्थेने ढोकीजवळच्या गावात प्रौढांच्या लैंगिक वर्तनाची पाहणी काढली आणि ती तुझ्याकडे सोपवली, हे वाचून मला फार आनंद झाला. चाळीस वर्षे संख्याशास्त्र शिकवूनही असा विषय माझ्या वाट्याला आला नाही. फोनवरचे मला आता ऐकू येत नाही, तेव्हा आपण पत्रांनीच बोलू. विचार कागदावर अधिक नीट उतरतो, असा माझा अनुभवही आहे.

मूळ तत्त्व सोपे आहे. समज, आपल्या मुरूम गावाने जळकोट गावाला दहा लेकी दिल्या. तर जळकोटमध्ये मुरूमच्या सुना दहाच असणार. जळकोटकर तीस म्हणू लागले आणि मुरूमकर दोनच, तर दोघांपैकी एकाचे, किंवा दोघांचेही, सांगणे चुकते आहे. संबंधाचेही तसेच. प्रत्येक संबंधाला दोन टोके असतात, एक पुरुषाकडे आणि एक स्त्रीकडे. गावातल्या गावात मोजले, तर दोन्ही बाजूंची बेरीज सारखीच आली पाहिजे.

एक पथ्य मात्र पाळ. वयाचे गट समोरासमोर ठेवून तुलना करू नकोस. चाळिशीतल्या पुरुषाच्या संबंधाचे दुसरे टोक बहुधा त्याच्याहून लहान वयाच्या स्त्रीकडे असते. म्हणून आधी पूर्ण गावाची बेरीज जुळव, वयाचे भाग नंतर पाड.

पहिले आकडे हाती आले की कळव.

तुझा,
शंभुमामा


२२ डिसेंबर २०२५

तीर्थरूप शंभुमामांस शिवांजलीचे शरणार्थ.

बेरीज जुळत नाही. गेल्या तीन वर्षांत, याच गावात, लग्नाच्या जोडीदाराखेरीज किती, असा आमचा प्रश्न आहे. पुरुषांना माझा सहकारी कुलदीप विचारतो, बायकांना मी. पुरुषांची बेरीज बायकांच्या सहापट आली आहे.

तिशीच्या आतल्यांनी तर धमाल केली. बजरंग नावाचा पोरगा उत्तर देण्याआधी मित्रांकडे बघायचा. "पाच लिवा सर. सहा लिवलं तरी चालतंय, आपल्याला काय," असे म्हणाला. साठीपुढचे मात्र एकजात शून्य सांगतात आणि वर विचारणाऱ्यालाच धर्म शिकवतात.

बायका हसण्यावारी नेतात. एक म्हणाली, "नवऱ्यालाच म्या मोजणीत धरत न्हाय, दुसरा कुठला आणू?"

मी सिताबाईंच्या घरी खोली घेऊन राहते. वय चौपन्न, नवरा जाऊन अठरा वर्षे झाली. मुलगा भागवत कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवतो. सून सोनाली, आणि चार वर्षांची नात गौरा, जी आजीच्या कुशीशिवाय झोपत नाही. बायकांची दारे मला सिताबाईंमुळेच उघडली. तुमचे कोडे त्यांना सांगितले, तर भाकरी थापता थापता म्हणाल्या, "गडी हौसंनं खोटं बोलत्यात. बाया भिऊन."

गावात परवानगी मिळाली ती हरिबांमुळे. ते सिताबाईंचे थोरले दीर, वय त्रेसष्ट, देवस्थान समितीचे प्रमुख. त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही.

आता खरे कसे काढायचे, ते सांगा.

आपली,
शिवांजली


पुणे, ३ जानेवारी २०२६

चि. शिवांजली हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी तीनदा वाचले. तुझ्या सिताबाईंनी दोन वाक्यांत जे सांगितले, ते मी विद्यार्थ्यांना दोन तासिकांत सांगत असे. माणूस शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहून उत्तर देतो, म्हणून शेजारी आणि तोंड दोन्ही बाजूला काढायला हवेत. तेवढ्यासाठी एक घडा आणि दोन धान्ये पुरतात.

प्रत्येकीच्या ओच्यात मूठभर ज्वारी आणि मूठभर तूर दे. कोणाशीच संबंध नसेल, तर तिने ज्वारीचा एक दाणा घड्यात सोडावा. असेल, तर जितके पुरुष, तितके तुरीचे दाणे. हात मिटलेला, घड्याचे तोंड अरुंद. शेवटी हाती बेरीज राहते, माणूस राहत नाही.

तीन गोष्टी काटेकोरपणे कर. बायका जिथे आपणहून जमतात तिथेच घडा ने. संक्रांतीचे हळदीकुंकू त्यासाठी उत्तम. सवाष्णी आणि विधवा यांचे घडे वेगळे ठेव, कारण त्यांचे वर्तन वेगळे असण्याचा संभव आहे आणि मला तो फरक पाहायचा आहे. आणि घडे सर्वांसमक्ष पालथे घाल. दाणे मिसळलेले डोळ्यांनी दिसले, की पुढच्या खेपेस विश्वास आणखी वाढतो.

पुरुषांसाठी हरिबांचे अंगण मिळाले तर पाहा. अशा विषयाला वाट करून देणारा जाणता गृहस्थ खेड्यात विरळा. त्यांना माझा नमस्कार आणि आभार सांग.

तुझा,
शंभुमामा


२१ जानेवारी २०२६

तीर्थरूप शंभुमामांस शरणार्थ.

तुमची पद्धत चालली. आधी ते सांगते, कारण पुढचे लिहायला मन धजत नाही.

पुरुषांचे घडे, वयोगटाला एक असे, हरिबांच्या अंगणात झाले. मित्र दूर बसलेले असताना पोरांचे पाच-सहा कुठल्या कुठे गेले. साठीपुढच्यांच्या घड्यात निव्वळ ज्वारी. सवाष्णींचा घडा हळदीकुंकवाच्या खोलीत पालथा घातला, तेव्हा तूर पाहून सगळ्या हसत सुटल्या. एक म्हणाली, "बघा गं, मी एकलीच न्हाय." त्यांच्या तोंडावरचा सुटकेचा भाव तुम्ही पाहायला हवा होता.

मामा, हळदीकुंकवाला विधवांना आत बोलावत नाहीत. हे मला ठाऊक होते. म्हणून त्यांचा घडा मी बाहेर पडवीत ठेवला. तिथे तिघी बसल्या. कस्तुराबाई, नव्वदीच्या, दोन्ही डोळे गेलेले. दैवशाला, ऐंशीच्या पुढच्या, त्यांना दोघींनी उचलून आणले होते. आणि सिताबाई.

आदल्या दिवशी सिताबाईंनी मला विचारले होते, "खरंच कळत न्हाय व्हय, कुनाचा कुठला?" मी म्हटले, सगळ्यांचे दाणे मिसळले की देवालाही कळत नाही. त्यांनी "सगळ्यांचे" म्हणजे गावच्या सगळ्या बायांचे असे धरले, आणि मीही तिघींचा विचार केला नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी तो घडाही सर्वांसमक्ष पालथा घातला. दोन ज्वारी. एक तूर.

आतून बघायला आलेल्या बायांत सोनाली सर्वांत आधी हसली. मग तिने सासूकडे पाहिले आणि तिचे हसू थांबले. सिताबाई उठल्या, ओच्यातले उरलेले दाणे पाखडल्यासारखे झटकले आणि घरी गेल्या. तेव्हापासून भागवत आईशी बोललेला नाही. गौराला सोनाली आपल्याजवळ निजवते. पोरगी रडून रडून थकते.

एकदा दाखवलेला आकडा परत घेता येतो का, मामा?

शिवांजली


पुणे, २९ जानेवारी २०२६

चि. शिवांजली हिस अनेक आशीर्वाद.

पत्रासोबतच्या तक्त्यात किती सुंदर आकडे आले आहेत. मी बेरजा दोनदा ताडून पाहिल्या. सहापटीचे अंतर घड्याने पुसून टाकले. दोन्ही बाजू आता जवळजवळ सारख्या आहेत, पुरुषांकडे फक्त एक दाणा कमी. एवढी तूट कोणत्याही पद्धतीत गृहीत धरलेली असते, ती सोडून दे.

तरुण पुरुष वाढवून सांगतात, वृद्ध पुरुष दोन्ही खेपेस शून्यच सांगतात, स्त्रिया सर्वच वयांत लपवतात पण संधी मिळताच खरे बोलतात, असे तिन्ही निष्कर्ष तुझ्या आकड्यांतून एकाच वेळी निघतात. यावर निबंध व्हायलाच हवा.

विधवांच्या घड्याबाबत जे घडले, त्याला आम्ही लहान गटाचा दोष म्हणतो. गट इतका लहान असला, की बेरीज आणि व्यक्ती यांत भेद उरत नाही. माझ्या सूचनेत हे यायला हवे होते. उपाय सोपा आहे. अहवालात विधवांचे दाणे सवाष्णींच्या दाण्यांत मिसळून टाक, म्हणजे वाचणाऱ्याला सिताबाईंचा माग लागणार नाही.

मात्र सिताबाईंची सविस्तर मुलाखत मिळाली तर फार मोलाचे होईल. पन्नाशी ओलांडलेल्या विधवेने इतके प्रामाणिक उत्तर दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. संबंध केव्हापासून, कितीदा, नवऱ्याच्या मृत्यूनंतर किती काळाने, इच्छा वयाबरोबर कशी बदलली, हे सिताबाईंना हळुवारपणे विचार. त्यांच्या उत्तराचे ज्ञानाला किती मोल आहे, हे समजावलेस तर सिताबाईंनाही बरे वाटेल.

तुझा,
शंभुमामा


१२ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप शंभुमामांस शरणार्थ.

माग गावाला आधीच लागला आहे. अहवाल इथे कोणी वाचत नाही.

भागवतने आईची पेटी गोठ्यात नेऊन ठेवली. सोनाली भाकरी उंबऱ्यावर ठेवते आणि दार लावते. काल गौरा गोठ्याकडे पळाली, तर भागवतने तिला दंडाला धरून फरपटत आणले. सिताबाई मला म्हणाल्या, "मला घरात न्हाय घेतलं तर न्हाय. गोठ्यात ऱ्हाते. पोरगी दिसंल तेवढं बघा."

आता तेवढेही राहील असे दिसत नाही. सोमवारी देवळात बैठक झाली. सिताबाईंना पायऱ्यांखाली बसवले होते. हरिबा सर्वांत कठोर बोलले. "माझ्या भावाच्या नावाला डाग लागलाय. आमच्या घराण्यात असं चालत न्हाय. तिनं गाव सोडावं." बजरंग मागून म्हणाला, "म्हातारीला ज्वारी गोड लागंना," आणि सगळे हसले. भागवत खाली मान घालून बसला होता.

तेवढ्यात कस्तुराबाई काठी टेकत पुढे आल्या. म्हणाल्या, "तो दाना माजा हाय. आंधळीच्या हाताला तूर आली. न्हायतर असं समजा, नव्वदीत लागला मला नाद." पुन्हा हसू झाले, पण वेगळे. शंका आली, मामा. चार-पाच माणसे एकमेकांकडे पाहू लागली. कोणीतरी म्हणाले, आंधळी हाय, चुकली बी असंल. निकाल पुढच्या बैठकीवर गेला.

मी उठून बोलले नाही. संस्थेने गप्प राहायला सांगितले आहे, नाहीतर पाहणी बंद पडेल. पण तुम्ही लिहू शकता. पुण्याचे प्रोफेसर म्हणून इथे तुम्हाला मान आहे. फक्त दोन ओळी हव्यात: असा एखादा दाणा चुकून पडू शकतो, त्यावरून कोणाबद्दल काही ठरवता येत नाही. तेवढ्यावर सिताबाई घरात राहतील. पत्र माझ्याकडे पाठवा, मी वाचून दाखवीन.

मी तुमच्याकडे कधी काही मागितले नाही.

शिवांजली


पुणे, १९ फेब्रुवारी २०२६

चि. शिवांजली हिस अनेक आशीर्वाद.

तुझी तळमळ मी समजू शकतो. म्हणूनच तुझ्या मागणीचा मी पायरीपायरीने विचार केला.

कस्तुराबाई चुकल्या असतील का? ज्वारीचा दाणा गोल आणि गुळगुळीत, तुरीचा मोठा आणि एका बाजूला डोळा असलेला. सत्तर वर्षे धान्य निवडलेल्या बोटांना हा फरक दिसावा लागत नाही. मी स्वतः डोळे मिटून वीस वेळा करून पाहिले, एकदाही चुकलो नाही. त्या नव्वदीच्या, दैवशालाबाई खाटेवर. तेव्हा तो दाणा सिताबाईंचाच असण्याचा संभव इतका मोठा आहे, की त्याला शंका म्हणणे हा शास्त्राचा अपमान होईल. खोट्या दोन ओळी मी लिहू शकत नाही. आज एका दाण्याबाबत लिहिले, तर उद्या घड्यातल्या कोणत्याच दाण्यावर विश्वास उरणार नाही, आणि ज्या बाया पहिल्यांदाच खरे बोलल्या, त्यांचे बोलणेही वाया जाईल.

पण मी हात बांधून बसलेलो नाही. गावाची चूक शंकेने सुटणार नाही, ती समजुतीनेच सुटेल. म्हणून मी हरिबांना थेट सविस्तर पत्र लिहिले आहे. चार पाने. पहिल्या दोन पानांत घड्याची पद्धत आणि दाणा सिताबाईंचाच का, हे सोपे करून सांगितले. पुढच्या दोन पानांत असे मांडले, की इच्छा नवऱ्याबरोबर सरणावर जात नाही, वयाबरोबर ती संपते हाही समज चुकीचा आहे, आणि म्हणून सिताबाईंचे वर्तन अगदी स्वाभाविक असून त्यांना दोष देण्यास कोणताही आधार नाही. हरिबांसारखा जाणता माणूस हे सर्वांना वाचून दाखवील, अशी माझी खात्री आहे.

निकाल काय होतो, ते कळव. सिताबाई गाव सोडून गेल्याच, तर विधवांचा गट दोघींचा उरेल, तशी टीप अहवालात असू दे.

तुझा,
शंभुमामा


१५ मार्च २०२६

शंभुमामांस,

हरिबांनी तुमचे पत्र देवळात वाचून दाखवले. पहिली दोन पाने. तुमची वाक्ये फार स्वच्छ असतात, मामा. लहान पोरांनाही समजली. कस्तुराबाई पुन्हा काठी टेकत आल्या, तर हरिबा म्हणाले, "आजी, बसा खाली. प्रोफेसरनं डोळं झाकून बघितलंय. वीस येळा." ते हरिबांनाही कळवल्याचे तुमच्या मला आलेल्या पत्रात नव्हते. उरलेली दोन पाने त्यांनी घडी घालून खिशात ठेवली. त्यानंतर कोणी शंका काढली नाही.

भागवतने त्याच संध्याकाळी गोठ्यातली पेटी रस्त्यावर आणून ठेवली. गौराला त्या वेळी सोनालीच्या माहेरी, जळकोटला, पाठवून दिले होते. निरोप घेताना रडायला नको म्हणून.

कारखान्याला ऊस तोडणारी एक टोळी गावाशेजारी उतरली होती. हंगाम सरत आला, की ती कर्नाटकात जाणार होती. सिताबाई तिच्याबरोबर गेल्या. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकट्या बाईला अर्धा कोयता. मुकादमाने त्यांना नीट पाहिले आणि म्हणाला, "ह्या वयात अर्धा बी निगंल का?" सिताबाई म्हणाल्या, "निगंल."

ट्रॅक्टरमागे बसल्यावर मी त्यांना विचारले. मामा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारले. तुम्ही कितीदा, केव्हापासून, किती काळाने, ते सगळे विचारायला सांगितले होते. मी फक्त विचारले, कोण?

त्या म्हणाल्या, "हरिबा. त्यांचा धाकला भाऊ, माझा मालक, गेला तवापासनं. दार मीच उघडत हुते, खोटं कशाला बोलू. घरात जागा ऱ्हाईल म्हणून आधी, मग सवयीनं, मग मलाबी बरं वाटायचं." पेटी जवळ ओढून घेत म्हणाल्या, "आता कुनाला सांगू नको. गौरा त्याच गावात मोठी व्हायची हाय."

म्हणून गावात कोणाला सांगितले नाही. भागवतलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुमची बेरीज आता पूर्ण जुळेल. पुरुषांकडे कमी पडलेला दाणा साठीपुढच्यांच्या घड्यात ज्वारी होऊन पडला होता. तूट एकाच दाण्याची होती, म्हणून तुम्ही ती सोडून द्यायला सांगितलीत. पडवीतला दाणाही एकच होता.

मी पाहणी सोडली आहे. निबंधावर माझे नाव घालू नका.

जाता जाता, तुमच्याच पद्धतीने एक साधी चाचणी देते. तिला घडा लागत नाही. स्वयंपाकघरातल्या दोन वाट्या आणि मूठभर तूर घ्या. मला लिहिलेली तुमची पत्रे तुमच्या वहीत उतरवलेली असतात, ती समोर ठेवा. सिताबाईंच्या त्या दाण्याबद्दल जिथे जिथे एखादे वाक्य आहे, तिथे उजव्या वाटीत एक तूर टाका. त्याच दाण्याच्या दुसऱ्या टोकाबद्दल, त्या पुरुषाबद्दल, जिथे एखादे वाक्य आहे, तिथे डाव्या वाटीत. तुमच्या डाव्या वाटीत एकच दाणा पडेल, सोडून दे म्हणून लिहिलेल्या वाक्याचा. मी माझ्या पत्रांवर करून पाहिले. या पत्राच्या आधीपर्यंत माझी डावी वाटी रिकामी होती.

नंतर हीच चाचणी तुमच्या सोसायटीच्या बाकावर करा, एखाद्या लग्नाच्या पंगतीत करा, घरात सुनेसमोर करा. कुठल्या तरी बाईचे नाव निघेपर्यंत थांबा, ते निघतेच. मग गप्प बसून दाणे टाकत राहा. बोलणे संपले, की दोन्ही वाट्या बघा.

शिवांजली